उष्टी भज्जी

"सृष्टी! काय करून राहिलीस तू?"

सासूबाईंचा आवाज कडाडला आणि सृष्टीच्या हातातली पळी निसटून चुलीपुढच्या मातीत पडली. तोंडात गरम भज्जीचा घास तसाच... गिळावा तर चोरी, थुंकावा तर अपराध! येळवशीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, शेतात कडब्याची कोप, छोटीशी खोपटी, सजलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच दगडांचे पांडव नैवेद्याची वाट पाहत बसलेले, आणि घरच्या एकुलत्या एका सुनेने देवाच्या आधी पातेल्यात पळी घालून भज्जी चाखली होती. तीही पाहुण्यांच्या देखत!

"देवाच्या आधी जीभ लावलीस? सगळं पातेलं उष्टं केलंस?" सासूबाई, लक्ष्मम्मा, तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "घरी रोज हावऱ्यावानी चाखतीस, ते गिळलं मी. पण आज? आज एवढा दम निघाला न्हाई तुला?"

सतरंज्या अंथरणारे तिच्या नवऱ्याचे, संगमेशचे मित्र जागच्या जागी थबकले. नांदेडहून आलेले तिच्या सासऱ्यांचे, अण्णारावांचे जुने दोस्त आनंदराज हातातला हरभऱ्याचा डहाळा सोलायचे थांबले आणि त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी पदर तोंडाशी नेला. सृष्टीने मान खाली घातली. एकच वाक्य बोलायचं होतं तिला... 'आत्या, भज्जीत मीठ पडलेलं नाही.' पण त्या वाक्याच्या पाठीमागे दुसरं वाक्य उभं होतं, आणि ते चारचौघांत ओठांवर येऊ द्यायचं नाही असं तिने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. तिने घास गिळला, आणि त्याच्याबरोबर ती दोन्ही वाक्यंही.

लक्ष्मम्मांच्या हाताची चव म्हणजे लातूरच्या निम्म्या बाजारपेठेला माहीत असलेली गोष्ट. अण्णारावांच्या आडतीवर आलेला माणूस सौद्याचं विसरेल, पण "वहिनींकडे जेवायला काय आहे?" हे विचारल्याशिवाय जायचा नाही. दिवाळीला मित्रमंडळी, पंचमीला लेकीबाळी, आणि येळवशीला तर विचारूच नका! सारं शहर शेतात जाऊन बसलेलं आणि त्यातली अर्धी माणसं आपल्याच शेतात आहेत की काय असं वाटावं, एवढी पंगत. ज्वारीचे उंडे, खीर, आंबील सगळं पहाटे घरी करून बांबूच्या डालीत भरून आणायचं. भज्जी मात्र लक्ष्मम्मा शेतातच रांधणार. कोवळा हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, कांद्याची पात आणि चिंचेचा कोळ असा सगळा मेळ चुलीवर रटरटू लागला, की पलीकडच्या बांधावरची माणसं आमंत्रणाची वाट न बघता इकडे वळत.

मग तो ताप आला. ताप गेला, माणूस वाचलं, घराने देवाला नारळ फोडला. पण जाताना त्या तापाने लक्ष्मम्मांची चव नेली आणि वासही नेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलाला नाही. सृष्टीला कळलं ते तिच्याच वेंधळेपणाने. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, परक्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा समजून तिने मिठाचा उघडला आणि सासूबाईंच्या चहात चमचाभर मीठ टाकलं. स्वतःचा घोट घेतला तेव्हा चूक कळली आणि तिचा जीव टांगणीला लागला! पण लक्ष्मम्मांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय गं."

त्याच दुपारी सृष्टीने त्यांना पाहिलं. ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या, हिंगाची डबी नाकाशी धरलेली... श्वास घ्यायच्या, डबी हलवायच्या, पुन्हा श्वास घ्यायच्या. मग डबीचं झाकण लावून पदराने डोळे पुसले आणि कढईत फोडणी टाकली. सृष्टी दारातूनच माघारी फिरली. जिच्या हाताचं खाऊन सगळं गाव तृप्त होतं, तिला स्वतःला प्रत्येक घास मातीसारखा लागत असेल या विचाराने त्या पोरीचं काळीज गलबलून गेलं. हे उघड झालं तर उद्यापासून लोक प्रेमाने म्हणतील, "राहू द्या आत्याबाई, तुम्ही बसा." आणि बसलेल्या लक्ष्मम्मा कशा दिसतील ते तिला डोळ्यांपुढे आणवेना.

मग तिने एक सोंग घेतलं. भुकेचं सोंग! भाजी उतरायच्या आत, "आत्या, लई भूक लागली हो," म्हणत वाटीभर काढून घ्यायची, चाखायची आणि सासूबाईंची पाठ वळली की मीठ नाहीतर तिखट सारखं करायची. वरण असो, आमटी असो, साधी मेथीची भाजी असो... पंगतीला सगळे म्हणायचे, "वा, लक्ष्मम्मांचा हात तो लक्ष्मम्मांचा हात!" आणि त्या माउलीचा चेहरा असा फुलायचा की सृष्टीला स्वतःचं कौतुक झाल्याहून जास्त सुख व्हायचं. पण सोंगाची किंमत पडतेच. आधी थट्टा झाली, मग नाव पडलं. हावरी! नंतर एकदा लक्ष्मम्मांनी रागाच्या भरात तिच्या आईला फोन करून विचारलं, "माहेरी पोटभर मिळत नव्हतं का हो पोरीला?" त्या दिवशी सृष्टी न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

येळवशीची तर आणखीच पंचाईत. नैवेद्याच्या आधी चाखायची बंदी. मागच्या वेळी तिने चुलीपासून न हलता सासूबाईंनी मीठ टाकलेलं डोळ्यांनी पाहिलं आणि निश्चिंत झाली. आज मात्र नेमक्या त्याच घटकेला सुमनबाई गाडीतून उतरल्या, त्यांना पाणी द्यायला ती गेली, आणि परत येऊन बघते तो मिठाच्या पुडीची गाठ जशीच्या तशी. टाकून पुन्हा बांधली, की सोडलीच नाही? विचारावं तर कसं? म्हणून तर तिने पळी घातली होती. भज्जी ठार अळणी होती, आणि पुडी सोडायला तिला उसंत मिळाली नाही.

"त्या बाभळीखाली जाऊन बस," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "भांड्याला हात लावू नको."

"असू दे की आता," अण्णाराव समजुतीने म्हणाले. "देवापुढं खीर ठेवू, उंडे ठेवू. सणाच्या दिवशी पोरीला बोलू नये."

"तुमाला काय जातंय? आजवर माझी भज्जी देवाला चुकली न्हाई..." बोलता बोलताच त्या कोपीकडे वळल्या.

संगमेश बाभळीखाली आला तो लाल होऊन. सृष्टी पटकन उठली, त्याचा हात धरून कळवळून म्हणाली, "अहो, माझं एक ऐका. वाढायच्या आधी पातेल्यात मीठ टाका. गुपचूप टाका, आत्यांना कळू देऊ नका..."

"अजून चवीचंच सुचून राहिलं तुला?" त्याने हात सोडवून घेतला. "मित्रांपुढं तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस!"

नवऱ्याची पाठ दूर जाताना पाहून तिच्या डोळ्यांतून घळाघळा आसवं वाहू लागली. स्वतःसाठी नव्हती ती. आता थोड्या वेळाने पंगत बसणार होती, आणि इतके दिवस जिवापाड झाकलेलं ते दुःख उघडं पडणार होतं.

पूजा झाली. घरच्या मंडळींनी आंबील शिंपडत शेताला फेरा घातला आणि ती आरोळ्या देत परतली. पंगत बसली. लक्ष्मम्मांनी स्वतः वाढलं. प्रत्येकाच्या पत्रावळीवर भज्जीची वाफाळती रास घालताना त्यांचा हात तोच होता, उदार आणि घाईचा. आनंदराजांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला, डोळे मिटून तोंडात घातला... आणि डोळे उघडले. दोनदा चावून ते थांबले. समोरचा आंबिलीचा पेला उचलून त्यांनी घटाघटा निम्मा केला. शेजारी संगमेशच्या मित्राचाही हात पेल्याकडे गेला. कुणी कुणाकडे बघेना.

लक्ष्मम्मांनी ते पाहिलं. रोज माणसांच्या चेहऱ्यांवरूनच तर त्या चव वाचत होत्या! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी विचारायच्या आत त्यांनी बोटभर भज्जी स्वतःच्या जिभेवर ठेवली, जाणत्या बाईसारखी मान हलवली आणि हसून म्हणाल्या,

"आज मीठ जरा जादाच पडलं की, भाऊजी!"

साऱ्या पंगतीच्या तोंडात अळणी घास होता. मिठाचा कण नसलेला. आनंदराजांचा हात हवेतच राहिला.

"हो आत्या!" बाभळीखालून सृष्टी धावत आली, पदर सावरायचंही भान तिला नव्हतं. "मीच टाकलं. तुमी टाकलेलं असून मी पुन्हा टाकलं. म्हणून खारट झाली. माझी चूक हाय, त्यांची न्हाई..."

खरं-खोटं तपासायला तिला वेळ होता कुठे? एक माणूस पडत होतं, तिने हात पुढे केला होता.

अण्णारावांनी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. संगमेश एकदा आईकडे, एकदा बायकोकडे पाहू लागला आणि मघाशी बाभळीखाली ऐकलेलं वाक्य त्याला आत्ता ऐकू आल्यासारखा त्याचा चेहरा उतरला. लक्ष्मम्मा सगळ्यांची तोंडं वाचत होत्या. एकेक करून... आणि मग त्यांना कळलं.

"खारट न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "व्हय ना? अळणी हाय."

आनंदराजांनी नजर पत्रावळीवर वळवली.

"तू तर चाखली होतीस." त्या सृष्टीकडे वळल्या. "तुला ठावं होतं अळणी हाय ते. मग खारट कशाला म्हणालीस?"

सृष्टी नुसती रडत राहिली.

"तुला... माझं ठावं होतं?"

"त्या चहापासून, आत्या," सृष्टी हुंदक्यांतून म्हणाली. "मी चुकून मीठ टाकलं होतं. तुमी चांगला झालाय म्हणालात."

"म्हंजी रोजची ती भूक..."

पातेल्यातून चोरून काढलेली वाटी न् वाटी त्यांना आठवली असेल, आपण पाडलेलं नाव आठवलं असेल, आणि तो फोन! लक्ष्मम्मा मटकन खाली बसल्या आणि सुनेला त्यांनी छातीशी असं ओढलं की दोघींच्या बांगड्या एकमेकींत अडकल्या.

"तुझ्या आईला काय काय बोलले गं मी... पदरात घेशील का मला? मला वाटलं, तुला माझी चूल पाहिजे. म्हणून सारखी मधी मधी करतीस. मी तुला हावरी म्हणाले, आणि तू माझं झाकत बसलीस!"

"असं नका म्हणू आत्या. तुमच्या हाताचं खरंच लई आवडतं मला."

संगमेश उठून जवळ आला. तो नुसता बायकोच्या पायाशी बसून राहिला. आनंदराजांनी घसा खाकरला. "वहिनी, एवढी वर्षं जेवलो तुमच्या हातचं, एकदा तरी सांगायचं होतं. आमी काय चवीसाठीच येतो का हो?"

"मग कशासाठी येता?" सुमनबाईंनी डोळे पुसत विचारलं. "घरी तर येळवशीचं नाव काढून काढून माझा जीव खाता!" पंगतीत एकदम हशा पिकला, रडता रडता लक्ष्मम्माही हसल्या.

मग त्या उठल्या. मिठाच्या पुडीची गाठ त्यांनी स्वतः सोडली, अंदाजाने मूठ पातेल्यात टाकली, ढवळलं, आणि पळीभर भज्जी सगळ्यांच्या देखत सुनेपुढे धरली.

"चाख."

"आत्या, सगळे बसलेत... आधी त्यांना..."

"चाख म्हणते ना. आजपासून देवाच्या आधी तूच चाखायचं. माझ्या घरचा नैवेद्य तुझ्या जिभेवरूनच जाईल. ज्याला उष्टा वाटंल, त्यानं जेवू नये!"

अण्णाराव मान हलवून म्हणाले, "मला न्हाई वाटत. वाढा."

सृष्टीने चाखली आणि मान डोलावली. पुन्हा पत्रावळी भरल्या, भाकरी मोडल्या, आंबिलीचे पेले फिरले. सगळ्यांना वाढून झाल्यावर सासू-सुना चुलीपाशी एकाच पत्रावळीवर बसल्या. लक्ष्मम्मांनी घास घेतला, डोळे मिटले.

"सांग आता. कशी लागती?"

सृष्टी क्षणभर भांबावली. मग सावकाश सांगू लागली. "आधी चिंच लागते, आत्या. आंबट, पण झोंबत न्हाई. मग हरभरा... लई कोवळा हाय, दाताखाली आला की गोड होतो. मेथी थोडी कडू, मागून येते..."

"लसूण?"

"लसूण हाय की. अगदी शेवटी. जरासा करपलाय, तुमचा नेहमी करपतो तसा. त्यानंच तर चव येते."

लक्ष्मम्मा चावत होत्या, ऐकत होत्या. बंद पापण्यांतून पाणी गालांवर येत होतं, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. सृष्टी बोलायची थांबली तशी त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबू नको गं," त्या म्हणाल्या. "अजून सांग. लई दिवसांनी जेवून राहिले मी."