डॅफ्नी, वय सात

२००७ सालचा एप्रिल. नागपूरची वैजयंती लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका स्कॅनिंग कंपनीत जुने कागद कॉम्प्युटरवर चढवायचं काम करायची. ब्रिटनमध्ये गुलामांचा व्यापार बंद झाल्याला दोनशे वर्षं झाली, म्हणून एका म्युझियमनं प्रदर्शनासाठी खोकी पाठवली होती. त्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली एक यादी निघाली. १८५९ साली तिथल्या सवाना शहराबाहेर, रेसकोर्सवर, दोन दिवसांत चारशेच्या वर माणसं लिलावात विकली गेली. दोन्ही दिवस पाऊस हटला नव्हता म्हणतात.

सुपरवायझरनं बजावलं होतं, नावं राहू देत, नुसते नंबर टाक. वैजयंतीला ते पटेना. तिच्या पणजोबांना गावानं कधी नावानं हाक मारली नव्हती, हे ऐकतच ती वाढली होती. लंचला सगळे उन्हात गेले, तशी ती एकेक नाव मोठ्यानं वाचत टाइप करू लागली.

"डॅफ्नी. वय सात."

मागून दलदलीच्या चिखलाचा वास आला. दाराजवळच्या खुर्चीत एक काळी बाई बसली होती. डोक्याला फडकं, अंगावरून पाणी निथळत होतं.

"माझी मुलगी ती," बाई हळूच म्हणाली. "तिला कुठं नेलं...?"

डॅफ्नी कुठं गेली ते लिहिलेला यादीचा नेमका तेवढाच कोपरा फाटला होता. तसं सांगायला हवं होतं. पण बाई उठून जवळ येऊ लागली आणि वैजयंतीचा धीर सुटला. टेबलावर तिचा ट्रेनचा पास पडला होता. त्यावरचं, ती राहायची ते गाव तोंडून निघून गेलं.

"मेडनहेड..."

बाईनं मान डोलावली आणि निघून गेली.

मग कुठं आपण काय बोललो ते वैजयंतीला उमगलं. कोटही न घेता तिनं स्टेशन गाठलं. मेडनहेडला कडक ऊन होतं, फुटपाथ कोरडे ठणठणीत. त्यावर अनवाणी पावलांचे ओले ठसे तिच्याच गल्लीत वळले होते.

दार कस्तुरीनं उघडलं. तिची लेक, इथंच जन्मलेली, सात वर्षांची. ईस्टरची सुट्टी होती. नवरा जयंत वर कॉलवर बोलत होता.

"आई, एक लेडी आला होता. मला डॅफ्नी म्हणाली."

"मग तू...?"

"मी येस म्हटला."

वैजयंतीनं तिला कवटाळलं. "कस्तुरी," तिनं हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदाही.

पोरगी तिच्या खांद्यावरून रस्त्याकडेच बघत राहिली.