खंड्या मागे का फिरतो

खंड्या पुन्हा तिसऱ्या कमानीपाशी मागे फिरला आणि जाळीवर आदळला.

भार्गवी गुरवने त्याला दुरुस्तीच्या टेबलावर उताणा घातला. घरी कापलेला सांगाडा, हाताने जोडलेल्या तारा, निळ्या रंगाची चार पाती. राज्याच्या अंतिम शर्यतीत घरी बनवलेलं ड्रोन एवढं एकच होतं. शर्यत तासाभरावर आली होती. खंड्या पुन्हा फिरला, तर दोन वर्षांची मेहनत मातीत जाणार होती.

"पाती बदलली, मोटर बदलली, दिशामापकही तपासला," तिची जोडीदार रेश्मा मुजावर म्हणाली. "आता नारळ फोड, तेवढंच राहिलंय."

"तो सकाळीच फोडला. तू उडवून बघ."

रेश्माने उडवलं. खंड्या तिसऱ्या कमानीतून सरळ गेला, पण रेंगाळत.

"म्हणजे दोष सांगाड्यात नाही," भार्गवी सावकाश म्हणाली. "हस्तस्मृतीत आहे."

हस्तस्मृती हा दोघींचा शोध. रिमोटच्या दांडीवर अंगठ्याचा दाब किंचित बदलला, की पुढची हालचाल ओळखून यंत्र ती आधीच करून टाकायचं. खंड्याचा वेग त्यातच होता; पण ती स्मृती फक्त भार्गवीच्या अंगठ्याची होती.

"पुसून टाकू या?"

"पुसली तर तू उडवलंस तसाच उडेल."

"मग मी अंगठा बघते. तू उडव."

या वेळी भार्गवीने उंचावरून उडवलं. खंड्या फिरला, पण जाळीपासून वाचला.

"तिसऱ्या कमानीपाशी अंगठा मागे येतोय तुझा," रेश्मा म्हणाली. "केसभरच. काय आहे गं तिथे?"

भार्गवीने गॉगल काढून मैदानाकडे पाहिलं. कमानीखालून एक उघडी पन्हाळ बाहेर आली होती. धूळ बसावी म्हणून मारलेलं पाणी तिच्यातून वाहत होतं. भार्गवी हसायलाच लागली.

"अगं, सोमसूत्र! शंकराच्या देवळात अभिषेकाचं पाणी वाहून नेणारी पन्हाळ ओलांडत नाहीत. तिथवर जायचं नि मागे फिरायचं. आपला सगळा सराव देवळाभोवतीच झाला ना?"

"ड्रोनलाही ओलांडू दिलं नाहीस?"

"देवळाभोवती उडायचं तर नियम त्यालाही."

"धन्य आहेस. आता?"

"उत्सवात गर्दी झाली, की आप्पा पन्हाळीवर पान ठेवतात. झाकलेली असली, की ओलांडली तरी दोष नाही."

निघताना आप्पांनी, देवळाचे पुजारी असलेल्या तिच्या वडिलांनी, प्रसादाचं बेलाचं त्रिदळ हत्यारांच्या पेटीत ठेवलं होतं. ते तिने उचललं.

"पण खंड्याला पान दिसणार कसं?"

"त्याला पन्हाळ तरी कुठे दिसते? कॅमेरा माझ्या गॉगलसाठी. तो वाचतो माझा अंगठा."

शर्यतीआधी वैमानिकांना मार्गावरून पायी फिरू देत. भार्गवीने पंचांना विचारलं. पानाने कोणाचं काय अडतंय, म्हणून ते हसले. तिने पन्हाळीवर पान ठेवलं, हात जोडले आणि मागे न पाहता जागेवर जाऊन गॉगल चढवला.

खंड्या सुटला. पहिली कमान, दुसरी. तिसरीपाशी रेश्माने मूठ आवळली. निळी रेघ सरळ आरपार गेली. प्रत्येक फेरीत गेली, आणि शेवटची कमान तिनेच सगळ्यांआधी गाठली.

भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं: भार्गवी गुरव, रेश्मा मुजावर, यंत्र, घरी बनवलेलं. गर्दीत आप्पा उपरण्याने चष्मा पुसत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "सांगाडा आमच्या ओसरीवर कापलाय."

रेश्माने मूठ उघडली. आत बेलाचं पान.

"तू पाठ फिरवलीस नि वाऱ्याने उडालं. मी धावत जाऊन पकडलं. परत ठेवणार, तर मार्ग बंद केलेला."

"म्हणजे पन्हाळ उघडीच होती?"

"हो. तुला सांगितलं असतं तर अंगठ्याला कळलं असतं. दोष माझ्या माथी. दर्ग्याच्या मुजावराची लेक आहे, तुझ्या देवाशीही बोलून घेईन मी."

भार्गवीने पान कपाळाला लावलं आणि खंड्याच्या पट्ट्यात खोवलं.

"देवाचं मी बघते," ती म्हणाली. "पण हा आता ओलांडायला शिकलाय. उद्यापासून याला देवळापाशी पुन्हा मागे फिरायला शिकवायचंय."