पंक्तीतलं दुसरं पान

कंदिलाची वात जरा खाली कर, डोळ्यांवर येते. हां, आता सांग. पोराला पुण्यात खोली मिळेना म्हणत होतास ना? मिळेल रे. जागा मिळतेच. फक्त घेताना तिथं आधी कोण राहत होतं, एवढं विचारून घे. मी विचारलं नव्हतं.

सत्तेचाळीस सालचा जून होता. नगरला नवं कॉलेज निघालं होतं. तोवर मॅट्रिक झालेल्या पोरानं पुढं शिकायचं तर पुणं गाठायचं, आणि आम्हां तिसगावकरांना पुणं काशीइतकंच लांब. वडील मी लहान असतानाच गेलेले. संगमनेरचे मामा याज्ञिकी करायचे, ते मला हाताखाली न्यायला टपलेच होते. पण आईनं ध्यास घेतला होता. म्हणायची, "नरसू, आपल्या घरात कॉलेज शिकलेलं एक तरी माणूस मला बघू दे. मग तू पंचांग धर नाहीतर नांगर धर." शेवटी मामांशी असं ठरलं, की कॉलेज उघडेपर्यंत राहण्याजेवण्याची सोय लागली तर मी नगरला, नाही लागली तर सरळ संगमनेरला.

बरोबर बन्सी होता. आमच्या शेजारच्या रंगनाथ पाटलांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. त्याला त्याच्या समाजाच्या बोर्डिंगात जागा मिळाली होती, तिथं माझी सोय होण्यासारखी नव्हती. आमच्यातली गरिबांची पोरं वार लावून जेवायची, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पण दिवस कंट्रोलचे. रेशनकार्डावर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची आणि ती चावून घरच्यांचेच दात दुखायचे, तिथं वाराच्या पोराला कोण विचारतो?

दारोदार हिंडलो. माळीवाड्यात एका बाईकडे खोली होती, पण भिंतीपलीकडे म्हैस बांधलेली, आणि तिला म्हणे परका माणूस चालत नव्हता. एका आजोबांनी गोत्र, शाखा, सूत्र सगळं विचारून घेतलं, सगळं पसंतही केलं, आणि म्हणाले, "खोली द्यायची नाही हो. सहज चौकशी केली."

"आयला, तुजं लगीन जमवाया निगालो जनू आपन," बन्सी म्हणाला. तो हसत होता, मी पुढचं दार शोधत होतो. दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडणार होतं.

नालेगावात भागूबाई म्हणून एक माळीण भाजी घेऊन बसायची. तिनं आमची तोंडं पाहिली आणि आपणहून म्हणाली, "जागा हाय की. आप्पासाहेबांकडं. कालिजचं पोरगं पायजे म्हनून कवाच्या सांगत्यात."

"मग अजून कोणी घेतली कशी नाही?"

"घेत्यात. पर ऱ्हात न्हाई कुनी." तिनं वांग्यांवर पाणी मारलं. "जेवाया लई येळ लागतो म्हनं तिथं."

आम्ही दोघं खो खो हसलो. आठवलं की अजून हसू येतं, आणि लगेच जातं.

घर बैठं, नीटनेटकं. पुढं सारवलेलं अंगण, मागं गोठ्यात एक गाय. आप्पासाहेब कोर्टातून पेन्शनीत निघालेले. ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलेले असायचे. दार त्यांच्या पत्नीनं, दमयंतीकाकूंनी, उघडलं. "कॉलेजचा का?" एवढंच विचारून त्या बाजूला झाल्या. भाडं नको म्हणाल्या. खोली आतली, स्वच्छ, खिडकीत ऊन. अट एकच. दोन्ही वेळा घरीच जेवायचं, आणि पंक्तीतून मधेच उठायचं नाही.

हे तर आमच्या घरचंच वळण. पंक्तीतला शेवटचा माणूस आटपेपर्यंत बाकीच्यांनी हात वाळवत बसायचं. मी आनंदानं मान डोलावली. बन्सीनं वळकटी आत आणून टाकली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "झाली की रं सोय!"

सकाळी आंघोळ करून आलो तर दोन पाट मांडलेले. दोन पत्रावळी, दोन तांबे. मला वाटलं, आप्पासाहेब बसतील. ते ओसरीवरच राहिले, पाठ करून. काकूंनी दोन्ही पानांवर मीठ वाढलं, चटणी वाढली, भात, वरण, भाकरी. भाताचा दुसरा वाढा घेऊन आल्या तेव्हा रिकाम्या पाटासमोर वाकल्या, थोडा वेळ थांबल्या, भात वाढला आणि पुढं गेल्या. माझं जेवण झालं. बसून राहिलो. घरात आवाज म्हणून नाही, चुलीतलं लाकूड तेवढं फुसफुसत होतं. बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, "हं. उठा आता." ते दुसरं पान जसंच्या तसं गाईपुढं गेलं.

आप्पासाहेबांनी नंतर सांगितलं. शामकांत, एकुलता एक. नगरला कॉलेज नव्हतं म्हणून पुण्याला गेला. जागा शोधत महिनाभर वणवण केली, शेवटी कुठल्याशा बोळात ओल आलेली खोली मिळाली. विषमज्वर झाला. घरमालकाला वाटलं, पोरगं आळशी आहे, झोपून असतं. कळवलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. "कॉलेज तेव्हाच निघालं असतं इथं..." म्हणाले, रस्त्याकडे बघतच.

मला भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू. वाईट वाटलं. आईची वेडी माया म्हणून मी ते पान रोज शेजारी घेऊन जेवलो. आणि खरं सांगतो, आयुष्यात त्यासारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. नव्या चुन्याचा वास येणारे वर्ग, इंग्रजी कळत नसलं तरी कळल्यासारखी हलवलेली मान, सुटल्यावर बन्सीबरोबर किल्ल्यापर्यंत पायी चक्कर. चौकाचौकांत लोक सांगायचे, आता स्वराज्य येणार. मला वाटायचं, ते माझ्यासाठीच येतंय.

एका सकाळी उशीर झाला होता. मी घाईनं जेवलो. सारं लक्ष कॉलेजकडे, हात वाळलेला, आणि काकू तर अजून दुसऱ्या पानावर वाढत होत्या. तुला माहीत आहे ना, पंक्तीत आपलं आधी झालं की शेजारच्याला आपण काय म्हणतो ते? जिभेला वळणच पडलेलं. मी त्या रिकाम्या पाटाकडे वळून म्हणालो, "सावकाश होऊ द्या."

काकूंच्या हातातली पळी तिथंच थांबली. ओसरीवर आप्पासाहेबांनी मान वळवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"बोललास तू... त्याच्याशी?"

"सवयीनं... तोंडातून गेलं..."

"आम्ही कधी बोललो नाही रे." आप्पासाहेबांचा आवाज अगदी खाली आला होता. "वाढतो... पण बोलत नाही."

काकू त्या पानाकडे बघत होत्या. मीही बघितलं. भाताच्या ढिगात खळगा पडला होता, कुणीतरी वरण कालवायला बोटं फिरवावीत तसा. आणि ओल्या अंथरुणाचा वास आला... आजाऱ्याच्या अंथरुणाचा. मी उठून निघालो, ते कॉलेजात पोचेपर्यंत मागं पाहिलं नाही.

त्या दिवसापासून गाईपुढं पान गेलं नाही. दुसरी पत्रावळ स्वच्छ पुसून खाल्लेली असायची. काकू काम करता करता गुणगुणायला लागल्या. त्यांच्या गालांवर रंग आला. ते पाहून बरंही वाटायचं आणि अंगावर काटाही यायचा. माझी टोपी खुंटीवरून काढावी तर आत घाम ओला असायचा.

मग भागूबाईनं विचारलं, "आत्ताच ग्येलासा की कालिजला, पुन्हा कुटनं आलासा?" बन्सी रुसला. म्हणाला, "सकाळी चौकात हाक मारली तुला. बगितलंस माज्याकडं, पर बोलला न्हाईस." चार दिवसांनी त्याचा रुसवा गेला होता. "आज कसा नीट बोललास," म्हणाला. मी त्या दिवशी त्याला भेटलोच नव्हतो.

सांगणार कुणाला? सांगितलं असतं तर जागा सोडायला लागली असती, आणि जागा सोडायची म्हणजे कॉलेज सोडायचं. मी दात आवळून राहिलो. पण एका सकाळी हजेरी चालली होती. माझं नाव पुकारलं. मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर गेलं, "येस सर." आवाज माझा होता. वर्गात कुणीही चमकलं नाही. सरांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. मी मागं वळून बघितलं... बाक रिकामा, पण वर्गात तोच वास, ओल्या अंथरुणाचा.

घरी येऊन मी वळकटी बांधायला घेतली. काकू दारात आल्या. मला वाटलं, थांब म्हणतील. त्या मायेनं म्हणाल्या, "जा हो बाळा. तुझी आई वाट बघत असेल." निघण्यापूर्वी जेवून जावं म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो. एकच पान मांडलेलं होतं आणि काकू त्यासमोर वाकून हसत होत्या. ते पान माझं नव्हतं.

बन्सीला काही न सांगताच, ऑगस्ट उजाडायच्या आत, मी नगर सोडलं. त्याला काय तोंड दाखवणार होतो? आईला सांगितलं, कॉलेज मला झेपलं नाही. ती रागावली नाही, फक्त पदर तोंडाला लावून आत गेली. ते अजून बोचतं. दोन वर्षं संगमनेरला मामांच्या हाताखाली सत्यनारायण आणि मुंजी केल्या. प्रवरेच्या घाटावर बसलो की कॉलेज आठवायचं, आणि रडू यायचं. मोठा घोडा झालो होतो तरी.

एकोणपन्नासच्या जूनमध्ये आईला भेटायला निघालो. नगरच्या मोटार स्टँडवर उतरतो तो समोर बन्सी. मी तोंड लपवणार, तोच त्यानं मला पाहिलं आणि तोच बुचकळ्यात पडला.

"आरं, तू मागं कसा? सकाळच्या मोटारीला म्याच तर तुजी वळकटी वर चढवली."

त्याच्या तोंडाला सुट्टी नव्हती. निकाल लागला होता, दोघंही इंटर पास झालो होतो म्हणे. दोन वर्षांत आम्ही काय काय केलं ते त्यानं एका दमात सांगितलं. पंधरा ऑगस्टला पहाटे उठून झेंडा बघायला गेलो ते. गणितात त्याला मी शिकवलं ते. तापानं फणफणला तेव्हा त्याच्या उशाशी मी बसून राहिलो ते. "लई जीव लावलास रं मला," बन्सी म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला हेवा वाटला. माझाच मला.

"काकू कशा आहेत?" मी कसंबसं विचारलं.

"असं काय करतोस? फागुनात वारल्या न्हाई का. मग आप्पासाहेबांनी घर मोडलं. तुजी जागा गेली ना तवा!" तो जरा थांबला. "म्या म्हनलं, आता म्होरं कुटं ऱ्हानार? तर तूच म्हनलास, गावी घर हाय, आई हाय. चांगली जागा हाय, म्हनलास."

तिसगावची मोटार लागली होती. मी बन्सीशी पुढं काय बोललो, आठवत नाही. करंजी घाट चढताना मोटार धापा टाकत होती, आणि मला वाटत होतं, उतरून तिच्यापुढं धावावं.

घरी पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. ओसरीवर आळीतल्या बायका जमल्या होत्या आणि आई परातीतून साखर वाटत होती. मला बघून तिनं कपाळावर हात मारला.

"झोपला नाहीस होय? आणि मागच्या दारानं कुठं गेला होतास उन्हाचा?" माझ्या हातावर तिनं साखर ठेवली. बायकांकडे वळून म्हणाली, "बघा हो, दोन वर्षं संगमनेर संगमनेर म्हणून मला फसवलं, आणि शिकत होता नगरला! मघाशी पाया पडून सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. इंटर झाला माझा नरसू!"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तोंड उघडून नाही म्हणायचं होतं, आणि ते मला जमलं नाही.

"बस, पाणी आणते," म्हणून ती आत गेली.

आतल्या खोलीत बाज करकरली. मग आईचा आवाज आला, अगदी हलका, मी लहानपणी आजारी पडलो की यायचा तसा. "उठू नकोस रे, पड तसाच. दमलास ना... आता कुठं जायचं नाही. आता इथंच राहायचं."

बायका साखर खात होत्या. मी ओसरीवर उभा होतो.