तानाबाईची जाळी

त्या दिवशी आभाळ सकाळपासनं भरून आलेलं, पण पडायचं नाव न्हाय. वारा बंद. उसाचं पान हलत न्हवतं. दोन वर्षांमागं गौरी जेवल्या, त्या दिवसाची गोष्ट, पोरांनो. राधानगरीकडं आमच्या पावण्यातला गणपतराव. त्यानंच मला सांगितली.

सांजच्याला तो डेरीला दूध घालून आला. म्हैस नुकतीच व्यालेली. रेडकानं चोरून पिऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधलेलं. मुसकं कसलं, ती बायकोची जाळी.

बायको तानाबाई घशाच्या कॅन्सरनं वैशाखात गेली. कोल्हापुरात दवाखान्यात तिला किरणांचे शेक द्यायचे. डोकं तांदळाएवढं हललं तरी शेक भलतीकडं बसतो. म्हणून प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबायची. गार झाली की तोंडाच्या आकाराची, हाडासारखी कडक. रोज ती घालून दोन्ही अंगांनी टेबलाला खटक्यानं अडकवायची. मग खोलीत कुणी थांबायचं न्हाय. तानाबाईचा जीव कोंडायचा.

ती म्हणाली, "दार लागस्तवर तिथं उभं ऱ्हावा. नुसतं खोकला, म्हंजे कळंल मला, तुम्ही हाय."

गणपतराव म्हणाला, "तुझ्यापरीस जनावर बरं. मुसकं घातलं की गप ऱ्हातंय."

आणि चहाला गेला. रोज जायचा.

शेक संपले तशी दवाखान्यानं जाळी घरी दिली. ती गेली, जाळी खुंटीला ऱ्हायली. कडंला भोकं होतीच. गणपतरावानं सुतळी ओवली आणि रेडकाला बांधली.

त्या राती शेजारच्या धोंडुबाईकडं गौरीपुढं झिम्मा चाललेला. बाराच्या सुमाराला तोही थांबला. गोठ्यात म्हैस रेकली. गणपतराव उठून बघतो तर रेडकू आचळाला लागलेलं. तोंड मोकळं. जाळी कुठं दिसंना. रेडकाला रट्टे घालून, खुंट्याला आवळून तो परत येऊन उताणा पडला.

डोळा लागतोय तोवर तोंडावर काहीतरी आलं. ओलं. गरम. मऊ...

ओढून काढावं म्हणून हात उचलायला गेला. हात उठंना.

ते गार होत चाललं. आवळत चाललं. गाल. नाक. हनुवटी.

खट्... उशीच्या डाव्या अंगाला.

खट्... उजव्या.

मान वळंना. ओठ उघडंनात. पावलं वाजली. दाराकडं गेली. दार लागलं.

मग कुणीच न्हाय.

त्याचा सगळा जीव कानात. दाराशी कुणीतरी खोकावं... एकदाच...

कुणी खोकलं न्हाय. रातभर.

उजाडलं तसा तो सुटला. धारंला गेला, तर जाळी रेडकाच्या तोंडाला, होती तशी. गाठ त्यानंच मारलेली. सपान म्हणून त्यानं झटकलं आणि अंगणात तोंड धुवायला बसला.

धोंडुबाई गौरी पोचवायला निघालेली. कुडाशी थांबली. त्याच्याकडं बघतच ऱ्हायली. कपाळापासनं हनुवटीपर्यंत बारीक जाळीचे वळ उठलेले. तिच्या ते ओळखीचे. तानाबाई दवाखान्यातनं आली की तीच खोबरेल चोळायची. पण त्या दिवशी ती खाली बघून गेली.

वरीस फिरलं. परत गौरी आल्या. गणपतराव तसाच अंगणात बसलेला. धोंडुबाई कुडाशी थांबली आणि मग म्हणाली,

"भावजी, तानाबाईचं वळ चहा हुईस्तवर मिटायचं. तुमचं वरीस झालं की."