इंग्रजीतला परवा

"तुम्ही माझा शब्द मारलात!"

बोरीवलीच्या टायपिंग क्लासात भर दुपारी ही आरोळी आली आणि सुलक्षणाची बोटं थांबली. समोर एक उंच, घामाघूम तरुण... हातात तिनेच टाइप केलेली पानं.

"कुठला शब्द?"

"ओव्हरमॉरो. तुम्ही सगळीकडे टुमॉरो करून ठेवलंय!"

"असा शब्दच नाही इंग्रजीत."

"होता! ओव्हरमॉरो म्हणजे परवा. उद्याच्या पलीकडचा दिवस. इंग्रजांनी तो वापरायचा सोडला... आपला परवा मात्र अजून ठणठणीत आहे." रागावता रागावता तो हसला. आपली चूक सुलक्षणाला एकदम बरी वाटू लागली.

तो श्यामसुंदर. वाकोल्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि वापरातून गेलेल्या इंग्रजी-फ्रेंच शब्दांचा छोटासा कोश लिहायचा. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यापासून तो दर शनिवारी नवी पानं घेऊन येत राहिला.

"जुन्या फ्रेंचमध्ये 'आंताँ' म्हणजे गेलं वर्ष," एकदा तो म्हणाला. "लॅटिनमधल्या 'वर्षापूर्वी'वरून आला."

"मग गेल्या वर्षी कुठे होतात तुम्ही?" ती बोलून गेली... आणि मान खाली घालून उगाच कागद सरळ करत बसली.

दिवाळीनंतरच्या शनिवारी तो येताच तिने सांगून टाकलं.

"पुढच्या रविवारी मला बघायला येतायत. कणकवलीचे पाहुणे."

श्यामसुंदरचा चेहरा उतरला. त्याने एक पान पुढे सरकवलं. वर शब्द होता – लेमन.

"लिंबू?"

"नाही... जुनं इंग्रजी आहे. 'लीफ' म्हणजे लाडकं, 'मॅन' म्हणजे माणूस. लाडकं माणूस. पण हल्ली कुणी..."

"श्यामसुंदर!" तिने पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारली. "मेलेले शब्द पुरे. सरळ मराठीत बोल ना रे!"

शेजारच्या मशिनींची खडखड थांबली. सगळ्या मुली कान देऊन ऐकत होत्या.

"तू मला आवडतेस," तो एका दमात म्हणाला. "लग्न करशील माझ्याशी?"

सुलक्षणाने मशीनवर कव्हर घातलं. "करीन. आता चल, भाऊंना विचार."

भाऊ म्हणजे तिचे वडील. संपात गिरणी सुटली तेव्हापासून मोजकंच बोलायचे. त्यांनी श्यामसुंदरला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग लेकीकडे पाहिलं.

"तुका पसंत असा?"

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते.

भाऊ उठले आणि खुंटीवरचा शर्ट अंगात चढवू लागले.

"खंय चललात?" आईने घाबरून विचारलं.

"तार करूक. पावण्यांका सांगूक व्हया, येव नकात म्हणान."