वाऱ्याखालची बाजू

सासूबाई रोज शेवग्याच्या पाल्याचं कढण करायच्या. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्या बेटावर, पोर्ट लुईमध्ये, घरोघरी हेच देतात. वाटी माझ्या हातात देताना त्या म्हणायच्या, "पी मुकाट्यानं. आणि सारखी समुद्राकडे बघू नकोस. बघून काही गलबत हलत नाही."

गलबत हलणारच नव्हतं. त्याच्या डोलकाठीवर पिवळं निशाण होतं.

माझा नवरा एव्हारिस्त बंदरातला वाटाड्या. बाहेरून आलेल्या गलबतावर चढायचं आणि खडक चुकवत ते आत आणायचं, हे त्याचं काम. मुंबईहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन आलेल्या या गलबतावर तो चढला आणि मग कळलं, आत पटकी आहे. पुढचा नियम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पिवळ्या निशाणाखाली ज्याचा पाय पडला तो निशाण उतरेपर्यंत तिथलाच. किनाऱ्यावरून वस्तू जाईल, परत येणार नाही. भेटायला जाणाऱ्या होडीनं वारा येतो त्या बाजूला राहायचं; वारा आधी धडधाकट माणसांवरून जायला हवा, मग आजाऱ्यांवरून. आजाऱ्यानं कायम वाऱ्याखालच्या बाजूला. बंदी नव्हती ती फक्त आवाजावर.

निशाण चढलं त्या दुपारी माझं दूध आटलं. अगदी नाहीसं झालं नाही, पण आमची तान्ही नोएमी ओढून ओढून थकायची आणि तोंड सोडून रडायची. तिनं मानही अजून धरली नव्हती. शेळीचं दूध तिला पचेना. पाजलं की तेवढंच उलटून यायचं. दंडाची कातडी सैल पडत चालली, रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं.

"भीतीनं आटतं," सासूबाई म्हणाल्या. "एव्हारिस्तचा बाप बुडाला तेव्हा हा माझ्या मांडीवर होता. तरी मी पाजलं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी वाटीत आणखी कढण ओतलं.

रविवारी चर्चमधून आल्यावर एव्हारिस्तचे चुलते, सिल्व्हें काका, आम्हाला होडीतून घेऊन गेले. डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा नेहमीचा वारा होता. काकांनी होडी गलबताच्या किनाऱ्याकडच्या अंगाला, ठरल्या अंतरावर उभी केली.

एव्हारिस्त कठड्याशी होता. वारा त्याच्या तोंडावर येत असल्यामुळे त्याला एकेक शब्द ओरडावा लागत होता.

"क्लेली! पाव आणलास? इथलं बिस्किट खाऊन दात पडले तर ओळखशील ना मला?"

"तुझे दात बघून कुणी लग्न नव्हतं केलं रे!" काका ओरडले.

मी नोएमीला वर धरलं. एव्हारिस्तचं हसू गेलं.

"वाळली गं ती!"

"दूध येत नाही!"

तेवढ्यात त्याच्या शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. मागे खोचलेलं हिरवं लुगडं, गळ्यात दोरीत ओवलेला पत्र्याचा बिल्ला. तिच्या चोळीवर दोन ओले, गोल डाग होते. ते कसले, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"हिचं बाळ गेलं," एव्हारिस्त ओरडला. "परवाच."

बाईनं दोन्ही हात पुढे केले. त्यात हट्ट नव्हता, रडणं नव्हतं. शेजारीण म्हणते ना, आण इकडे, तू जरा केस विंचर, तसे.

"काका, होडी थोडी जवळ घ्या," मी म्हटलं.

काकांची वल्ही पाण्याबाहेरच राहिली. "काय म्हणालीस?"

"थोडीशीच. एकदा पाजू दे तिला."

"पोरगी तिकडे गेली की तिकडचीच, क्लेली. आणि तिकडे काय आहे ते तुला ठाऊक आहे."

"नको!" एव्हारिस्त वरून ओरडला. "मागे घ्या होडी!"

मग तो त्या बाईकडे वळला आणि तिला हातांनी समजावू लागला. वारा इकडून येतो. ते त्या बाजूला, आपण या बाजूला. आडव्या तळव्यानं त्यानं मध्ये रेघ ओढली. बाई त्याच्या हाताकडे नीट बघत होती. तिनं मान हलवली. आमची होडी वळली तरी तिचे हात तसेच पुढे होते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी परसात दुपटी धूत होते. आत नोएमी रडत होती. एकदम थांबली. माझ्या हातातलं दुपटं पडलं. मी धावत आत गेले.

ती जागी होती. तिचा पाळणा डोंगराकडच्या खिडकीशी असतो. तिथून ती समोरच्या, समुद्राकडच्या भिंतीकडे टक लावून बघत होती. भिंतीखालच्या फळ्या ओल्या होत्या. ओल्या कपड्यांनी कुणी टेकून बसावं आणि उठून जावं, तेवढीच जागा. मी बोट लावून चाखलं. खारट.

दुसऱ्या दिवशी सासूबाई फडकं पिळत म्हणाल्या, "छप्पर गळतं म्हणावं तर पाऊस कुठाय? कसली गं ही ओल?"

"उंदरांनी काही सांडलं असेल."

"समुद्र सांडला काय उंदरांनी?"

ओल रोज यायची, तीही नोएमी शांत असेल तेव्हाच. एकदा मी दाराआड उभी राहिले तेव्हा आवाजही ऐकला. बाईचा की बाप्याचा, सांगता येणार नाही, इतका हलका होता. दोनच अक्षरं, मध्ये लांब श्वास. "जो… जो…" आमच्या बोलीतला शब्द नव्हता. फ्रेंच नव्हता, इंग्रज साहेबांचाही नव्हता. आणि तो समुद्राच्या बाजूनं, वाऱ्याच्या उलटा येत होता. इतका हलका आवाज तसा पोचत नाही, हे बंदरातल्या कुणालाही विचारा.

मग कुठेतरी लांब वादळ होऊन गेलं आणि वारा फिरला. दिवसभर समुद्राकडून डोंगराकडे वाहत राहिला. त्या दुपारी समुद्राकडची भिंत कोरडी होती. ओल होती डोंगराकडे, पाळण्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात.

मी वाटाड्याची बायको आहे. वारा कुठून कुठे जातो हे मला बघावं लागत नाही. जे कोणी येत होतं ते माझ्या मुलीच्या वाऱ्याखाली बसत होतं. तिच्या अंगावर आपला वारा जाऊ नये म्हणून.

इतका नियम पाळणारा माणूस माझ्या ओळखीचा एकच होता.

मी खाली बसले. "एव्हारिस्त," मी त्या कोपऱ्याला विचारलं, "तू गेलास का रे?"

नोएमीनं जांभई दिली.

पुढच्या रविवारी मी काकांना वल्ही जोरात मारायला लावली. एव्हारिस्त कठड्याशी उभा होता. दाढी वाढलेला, हाडकुळा, जिवंत. मला हुंदका आवरेना.

"जिवंत नवरा बघून रडणारी बाई पहिल्यांदाच बघितली!" तो ओरडला.

मी डोळे पुसले. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

"ती कुठंय? ती बाई?"

"गेली. तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर लगेच. शेवटपर्यंत रिकामे हात झुलवत होती." त्यानं हात दुमडून दाखवले. वाऱ्यातून तुटक आवाज आला. "जो… जो… असं काहीतरी."

काकांनी छातीवर क्रूस काढला. मी नोएमीला घट्ट धरलं.

"नाव काय होतं तिचं?"

"कुणाला माहीत! बिल्ल्यावर आकडा होता." मग म्हणाला, "तिनं खुणेनं आपलं घर विचारलं होतं गं. मी दाखवलं. आंब्याशेजारचं लाल छप्पर. काही चुकलं का माझं?"

"नाही," मी ओरडले. वारा माझ्या पाठीशी होता. त्याला नीट ऐकू गेलं असणार.

पुढचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. नोएमीनं रडणंच सोडलं. टाळू खोल गेली. डॉक्टर आले, पापण्या उचलून बघितल्या आणि फी न घेता गेले. सासूबाईंनी मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली आणि कढण माझ्यापुढे ठेवलं. मी आणखी एक वाटी मागितली.

"दोन कशाला?"

"असू दे."

ती दुसरी वाटी मी भिंतीशी, ओलीजवळ ठेवली. संध्याकाळी ती तशीच होती, फक्त गार. सासूबाईंनी बघितलं. त्या दिवसापासून त्या स्वतःच दोन वाट्या भरू लागल्या.

एका सकाळी किल्ल्यावरून तोफ झाली आणि गल्लीतून ओरडा आला, "निशाण उतरलं! उतरलं!" सासूबाई ओल्या हातांनीच धक्क्याकडे पळाल्या. मी फाटकापर्यंत गेले. डोलकाठी मोकळी होती. आता त्या गलबतावरच्या कुणीही, कुठेही जावं. वाऱ्याच्या कुठल्याही बाजूला. कुणाच्याही जवळ.

फाटकाच्या कडीवर हात ठेवून मी तशीच उभी राहिले.

मग घराकडे वळले. धावले नाही.

भिंतीपासून पाळण्यापर्यंत ओली पावलं होती. लहान, अनवाणी. येणारीच, जाणारी नव्हती.

नोएमी झोपली होती. मुठी सुटलेल्या, गालाला ऊब, पोट गोल. सवयीनं मी तिला उचलून छातीशी घेतलं. तिनं तोंड फिरवलं. पोटभर प्यायलेलं मूल फिरवतं तसं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा थेंब होता.

मी तो पुसला नाही. तिला पाळण्यात ठेवलं आणि जमिनीवर बसले.

बाहेर बूट वाजले. एव्हारिस्त दारात आला, टोपी काढली, पाळण्यात वाकून बघितलं. त्याचा चेहरा हलला. "अगं, भरलीय की ही," तो कुजबुजला आणि पाळण्याच्या पलीकडे टेकायला लागला.

"तिथे नको," मी म्हटलं. "इकडे बस, माझ्याजवळ."