लोणच्यावरची वजनं

"बोलिथोकाका, या पिंपात काय आहे हो?" डिगरीनं नुकत्याच आलेल्या टपालजहाजावरच्या खलाशाला विचारलं.

"जमैकाच्या लिंबांचं लोणचं. विकायला आणलंय. हात लावलास तर फटका खाशील!"

नाताळची सुट्टी होती आणि इंग्लंडमधल्या फालमथ बंदराच्या धक्क्यावर झुंबड उडाली होती. काल लिझर्डच्या टोकाजवळ या टपालजहाजाला, युद्ध चालू असलेल्या अमेरिकेच्या लुटारू जहाजानं गाठलं. दोन तास तोफा धडधडल्या. शत्रू डेकवर चढला, तेव्हा टपाल त्याच्या हाती पडू नये म्हणून कप्तानानं नियमाप्रमाणे थैली समुद्रात टाकली. आणि मग खलाशांनी शत्रूला पिटाळून लावलं!

सगळे खूश होते. डिगरीची बहीण लव्हडे मात्र खूश नव्हती. दोघांचे खलाशी बाबा तापानं जमैकातच मागे राहिले होते. सफरीवर जाताना ते दोरीला गाठी मारून देत. दर महिन्याला एक सोडायची, शेवटची सुटली की बाबा घरी! ती सुटूनही चार महिने झाले होते. बाबांची काही खबर असलीच, तर ती त्या थैलीत होती. तिला बाबांची इतकी आठवण येत होती, की लढाईच्या गोष्टीही नकोशा वाटत होत्या.

"लव्हडे, झाकणावर बघ!" डिगरी कुजबुजला.

लोणचं दाबायला शिशाचे चार जाड ठोकळे ठेवले होते. प्रत्येकावर मुकुटाचा ठसा!

"अरे, ही तर टपालाच्या थैलीतली वजनं! थैली बुडावी म्हणून घालतात ती."

"मग ती बुडाली कशी?"

"बुडालीच नाही, टोणग्या! तरंगत असेल! असा वारा असला की मोडकी वल्ही वाहत येऊन कुठल्या किनाऱ्याला लागतात?"

"मेनपोर्थच्या वाळूत!"

दोघं धूम पळाली. ओहोटी लागली होती. शेवाळाचे ढीग उपसता उपसता हात गारठले. आणि अखेर वाळूत रुतलेली, डांबर फासलेली थैली सापडली!

टपाल अधिकारी पेंडरसाहेब बोलिथोवर कडाडले, "लोणच्यापायी थैलीतली वजनं काढलीस? शत्रूला मिळाली असती तर?" मग मुलांकडे वळून म्हणाले, "शाबास! मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत."

थैलीत आईच्या नावाचा, घडी घातलेला एक कागद निघाला. नाव दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं; बाबांना लिहिता येत नसे. आत फक्त दोरी होती, तीन गाठींची.

आई हसता हसता रडायला लागली. "जहाजाला यायला महिना लागला ना? मग एक गाठ आजच सोडायची. लव्हडे, तू सोड."

खाऱ्या पाण्यानं गाठ फुगली होती. लव्हडेनं ती दातांनी सोडवली.